रमन राघवने इतके खून कबूल केले, तरी त्याला फाशी का झाली नाही? वेड्याचं सोंग घेऊन, पोलिसांची कोंबडी खाऊन सुटला हे खरं का?

सुटला नाही. प्रश्नातला 'सुटला' वाचला आणि हातातली भाजी बाजूला ठेवून लिहायला बसले. साठच्या दशकात मुंबईत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचणारा हा खुनी. २७ ऑगस्ट १९६८ ला पोलिसांनी त्याला धरला आणि एप्रिल १९९५ मध्ये पुण्याच्या ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने तो मेला, तोवर तो कैदीच होता. साडेसव्वीस वर्षं. येरवड्यात होता आणि मनोरुग्ण म्हणून उपचार चालू होते. याला कोणी सुटणं म्हणत असेल तर त्याने येरवड्याच्या भिंतीआड एक रात्र काढून यावी.

फाशी सुनावली गेली होती, हेही लोकांना माहीत नसतं. खटला उभा राहिला तो मालाडच्या चिंचोलीतल्या दोन खुनांचा. एक्केचाळीस हा आकडा त्याने स्वतः सांगितलेल्या खुनांचा, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, हे एव्हाना सिनेमे बघून पोराटोरांनाही कळलंय. तर सेशन्स कोर्टाने दोषी धरलं आणि फाशी दिली. त्याने अपील केलं नाही. नको म्हणाला. आपल्याकडे आरोपीने अपील करो न करो, फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता येत नाही. तेव्हा ते १८९८ च्या फौजदारी संहितेत होतं, पुढच्या संहितांतही तसंच ठेवलं. म्हणजे 'चांगला वकील लावला आणि सुटला' हेही खोटं. कागद कायद्यानेच वर गेले.

हायकोर्टाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. ते त्याला पाच वेळा भेटले, दर खेपेला दोन-दोन तास. त्याच्या डोक्यात दोन जगं होती, एक हे आपलं आणि एक 'कानून'चं. तो स्वतः त्या कानूनचा प्रतिनिधी. लोक आपल्याला पुरुषाचा बाई करायला टपलेत, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, हे तो परत परत सांगायचा. देशात तीन सरकारं आहेत, अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं, आणि तिन्ही आपल्या मागे लागलीत. सरकारनेच आपल्याला चोऱ्या करायला मुंबईत आणलं, असंही त्याला वाटायचं. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढे केला तर याने हात दिला नाही. कानूनचा माणूस या पापी जगातल्या माणसांना शिवत नाही म्हणाला. मंडळाने निदान दिलं: जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे सगळे आपल्या मागे लागलेत असा भ्रम जडणारा मनोविकार, बरा न होणारा. हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. दोषी तो राहिलाच. 'वेडा म्हणून निर्दोष' असं कुठेही झालं नाही, फक्त दोर काढला.

कोंबडीची गोष्ट खरी आहे. पकडल्यावर तो तोंड उघडेना. काय पाहिजे विचारलं तर म्हणाला, मुर्गी. दिली. आणखी मागितली, आणखी दिली. मग बाई मागितली, ती काही कोठडीत मिळायची नव्हती, तेव्हा डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला. तेल लावून, भांग पाडून, आरशात बघून झालं आणि मग बोलायला लागला. पोलिसांना शहरभर फिरवून लपवलेलं हत्यार काढून दिलं. तपास डीसीपी रमाकांत कुलकर्णींकडे होता. दोन कोंबड्यांत एवढं हाती येत असेल तर मारहाणीपेक्षा फार स्वस्त पडलं.

प्रश्नाचं उत्तर खरं तर इथे संपतं. पण हा प्रश्न आमच्या घरात गेली पन्नास-पंचावन्न वर्षं चालू आहे, आणि विचारणारा कायम एकच असतो, माझे बापूकाका. वडिलांचे धाकटे भाऊ. आता नव्वदीला टेकलेत, कान गेलेत, पण हे वाक्य गेलेलं नाही: "सोंग होतं सगळं. फासावर द्यायला हवा होता."

त्या वर्षी मी चौथीत होते. आम्ही गोरेगावला, लाईनीच्या पश्चिमेला एका वाडीत राहायचो. तेव्हाचं गोरेगाव म्हणजे चाळी, गोठे, भाताची खाचरं, पुढे खाडीपर्यंत चिखल. रात्री आठनंतर दिवे मोजकेच. त्या पावसाळ्यात मालाड, गोरेगाव, कांदिवली या पट्ट्यात झोपड्यांत, उघड्यावर झोपलेली माणसं डोकं ठेचून मारलेली सापडायला लागली. पुरुष, बायका, लेकरं, काही फरक नाही. चोरी म्हणावी तर मेलेल्यांकडे चोरण्यासारखं होतं काय? एखादं भांडं, छत्री, थोडा शिधा. त्याआधी १९६५-६६ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूला असंच झालं होतं. एकोणीस जणांवर हल्ले, नऊ मेले. तेव्हा हा माणूस पोलिसांच्या हाती लागलाही होता, पुराव्याअभावी सोडला. म्हणून तर त्याचा फोटो आणि बोटांचे ठसे दप्तरी होते.

आमच्याकडे लोकांनी काय काय म्हणावं! तो मांजर होतो, पोपट होतो, कौलांतून उतरतो. आईने खिडकीला आतून पाट लावून ठेवला होता. श्रावणात त्या खोलीत सहा माणसं, दार-खिडकी बंद आणि आत स्टोव्हचा वास. आजही रॉकेलचा वास आला की मला गुदमरायला होतं.

वाडीत गस्त सुरू झाली. पुरुषांच्या पाळ्या लावल्या, काठ्या आल्या, शिट्ट्या आल्या. बापूकाका पुढारी. तेव्हा तिशीचे, व्यायामशाळेत जाणारे, तीन सेलची बॅटरी फक्त त्यांच्याकडे. खरं सांगायचं तर त्या पंधरा-वीस रात्री काकांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. चहाचं पातेलं बाहेर, विड्या, मोठमोठ्याने हाका. बायकाही कौतुकाने बघायच्या.

आणि आमच्याकडे मामा राहायचा. आईचा पाठचा भाऊ, लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार, साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. दुसरी पाळी करून शेवटच्या गाडीने यायचा. मामा मुळातच कमी बोलणारा, पण त्या वर्ष-दोन वर्षांत स्वतःशी पुटपुटायला लागला होता. जॉबर, म्हणजे मुकादम, चहात काहीतरी घालतो म्हणून गिरणीतला चहा सोडला होता. गाडीत कोणी हसलं तर आपल्यालाच हसलं. रात्री आल्यावर आईला विचारायचा, "ताई, आज कोणी माझी चौकशी केली?" आईला वाटायचं, लग्न झालं की ठीक होईल. तेव्हा सगळ्याच आजारांवर लग्न हा इलाज असायचा.

गोकुळाष्टमी होऊन गेली होती. पाऊस कोसळत होता. मामा स्टेशनवरून नेहमीच्या आडवाटेने आला, नाल्याच्या कडेने. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात डब्याची पिशवी. गस्तवाल्यांनी आवाज दिला, "कोण रे?" ज्याला दिवसाउजेडीही वाटतं की लोक आपल्या मागावर आहेत, त्याला मध्यरात्री दहा माणसं काठ्या घेऊन ओरडली तर तो काय करणार? पळाला. पळाला म्हणजे तोच.

नाल्याच्या पुलाशी गाठला. मनगट मोडलं, कपाळ फुटलं, दोन दात गेले. डबा उघडून बघितला. रिकामा होता. कोणीतरी म्हणालं, अरे हा तर वहिनींचा भाऊ. तेव्हा थांबले.

माझी आई मरेपर्यंत म्हणायची, "बॅटरी बापूंच्या हातात होती. तोंडावर मारली होती. ओळखला नाही?" काका म्हणतात पाऊस होता, खोळ होती, सेल उतरले होते. मी तिथे नव्हते, बंद खोलीत होते, त्यामुळे शपथेवर काही सांगणार नाही. पण दोन वर्षं ज्याच्याबरोबर एका पंगतीत जेवला, तो धावताना पाठीवरूनही ओळखू येतो असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात. बरीच शोभा झाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खरा सापडला. कोणाच्या गस्तीने नाही, हं. अ‍ॅलेक्स फियालो नावाच्या सब-इन्स्पेक्टरने डोंगरीकडे, भर दिवसा, दप्तरातल्या फोटोवरून आणि वर्णनावरून ओळखला आणि हात धरला. त्याच्याकडे काय सापडलं बघा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि काहीतरी आकडेमोड केलेले दोन कागद. बोटांचे ठसे जुळले, तेव्हा कळलं की सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, थंबी, वेलुस्वामी अशी नावं लावणारा तो हाच. पश्चिम उपनगरांतल्या त्या सगळ्या काठ्या-शिट्ट्यांनी एक खुनी पकडला नाही. पकडले ते भिकारी, फिरस्ते, रात्रपाळीवाले आणि माझा मामा.

वाडीत पेढे वाटले. बापूकाकांनी वाटले! आम्ही जागलो म्हणून आपल्या वाडीत काही झालं नाही, हे तेव्हापासून सुरू. आणि मामाचं नाव पडलं रमन राघव. हात गळ्यात बांधून तो नळावर आला की पोरं "रमन राघव आला" म्हणून पळायची. मोठी माणसं हसायची. ते नाव वाडीत किती वर्षं चाललं माहितेय? ज्यांचा जन्म अडुसष्टनंतरचा, तीही पोरं त्याच नावाने हाक मारायची. त्याचं खरं नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

मनगट वाकडं जुळलं. साच्यावर तुटलेला धागा झटक्यात जोडावा लागतो, ते जमेना. बदली कामगाराला कोण थांबतं. नोकरी गेली आणि मामा घरात बसला, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. सत्तरीच्या दशकात कधीतरी आईने हिंमत केली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मी तेव्हा कॉलेजात, कागद वाचायला मला बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं ते मी वाचलं, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. रमन राघवच्या निदानात जो शब्द होता तोच. हे मला फार पुढे कळलं, खटल्याबद्दल वाचताना, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

काकांच्या हाती हे कधी लागू दिलं नसतं, पण एका नातेवाइकाने लावलं. मग काय, "बघा, म्हणजे आमचा संशय अगदीच चुकीचा नव्हता." हे वाक्य माझ्या आईसमोर. गेलेल्या माणसाबद्दल. मामाने आयुष्यात मुंगी मारली नाही, ढेकूण मारायलाही आईला हाक मारायचा. गोळ्या सुरू झाल्यावर तर तो आम्हा भावंडांच्या मुलांना शाळेत सोडायला जायचा. या आजाराची बहुतेक माणसं कोणाला हात लावत नाहीत, उलट तीच मार खातात. डॉक्टर कधीपासूनचे कंठशोष करून सांगतायत. पण आपल्याकडे वेडा म्हटलं की एकच चेहरा, आणि मुंबईत तो चेहरा रमन राघवचा.

आता काकांचा मुख्य मुद्दा, जो तुमच्याही प्रश्नात आहे: सोंग. काका वर्तमानपत्रं वाचणारे आहेत, त्यांचा मुद्दा पोकळ नाही. १९६९ मध्ये पोलिस सर्जनने त्याला महिनाभराहून जास्त नजरेखाली ठेवून अहवाल दिला होता की याला मनोविकार नाही, स्मरणशक्ती शाबूत आहे, आपण काय करतो हे याला समजतं. काका हे अजून घडाघडा म्हणून दाखवतात. पण बचाव पक्षाने नायर हॉस्पिटलच्या मनोविकारतज्ज्ञाची साक्ष काढली होती. त्यांचं म्हणणं, आपण मारतोय हे याला कळतं, ते कायद्याविरुद्ध आहे हे कळत नाही. तेव्हाच्या भारतीय दंडविधानाचं कलम ८४ नेमकं या फटीवर उभं होतं. आजारी असणं पुरत नाही, कृत्य करताना ते काय आहे किंवा चूक वा कायद्याविरुद्ध आहे हेच उमगत नव्हतं असं दाखवावं लागतं. सेशन्स कोर्टाने ते मानलं नाही. हायकोर्टाने दोष तसाच ठेवला आणि शिक्षेपुरता आजाराचा विचार केला. मला विचाराल तर हाच शहाणपणा. ज्याला आपल्याला का मारतायत हेच समजणार नाही, त्याला लटकवून कोणाला काय मिळणार? सुप्रीम कोर्टानेही पुढे २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान निकालात वेड लागलेल्या कैद्याला फाशी देऊ नये हे स्पष्ट केलंच.

आणि सोंगच करायचं तर माणूस अपील करेल की नाही? जीव वाचवायला सोंग घेतलं आणि वाचायची वेळ आली तेव्हा अपील नको म्हणाला? यावर काका गप्प बसतात. मग म्हणतात, "जोशी-अभ्यंकरच्या पोरांना दिली ना फाशी." दिली. नोव्हेंबर १९८३, येरवडा, चौघांना. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणातले ते खुनी, कॉलेजातली पोरं होती, ठरवून, बेत करून, दहा माणसं मारली. त्यांना कोणी अकबराचं सरकार छळत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एका तराजूत टाकणारे काका एकटे नाहीत, अर्धा महाराष्ट्र टाकतो.

खरं तर तुम्ही विचारायला हवं होतं ते हे, की पासष्ट-सहासष्टला हाती लागलेला माणूस अडुसष्टपर्यंत मोकळा कसा राहिला. मरणारे फुटपाथवरचे, झोपडीतले होते, हे माझं उत्तर. मलबार हिलला तीन खून झाले असते तर तीन वर्षं लागली असती का? १९८५ ते ८७ मध्ये सायन-किंग्ज सर्कलकडे फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालणारा तर शेवटपर्यंत सापडलाच नाही. कोणाला आठवतो तो? त्याच्यावर इथे एकही प्रश्न दिसला नाही मला.

तुम्ही तरुण दिसता, म्हणून एक सांगते, आवडो न आवडो. बिल्डिंगच्या ग्रुपवर 'मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध रहा' असा फोटो आला की तो पुढे ढकलू नका. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात असल्याच अफवेवर भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना ठेचून मारलं. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. त्या प्रत्येक जमावात एक बापूकाका असणार, बॅटरीवाला, आणि तो आज घरी सांगत असणार की अंधार होता.

हे सगळं लिहून झाल्यावर एक कबूल करायला हवं. ज्यांची माणसं त्या पावसाळ्यात झोपेत मेली, त्यांनी फाशी मागितली तर मी त्यांच्यापुढे कलम ८४ वाचणार नाही. त्यांचा हक्क वेगळा. माझा राग त्यांच्यावर नाही, ज्यांचं काहीच गेलं नाही आणि तरी दोर मागतात त्यांच्यावर आहे. पोलिस सर्जन खोटं बोलला असंही मला म्हणायचं नाही, डॉक्टरांची मतं वेगळी पडतात. आणि गस्त घालणारे सगळेच वाईट नव्हते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, तेही त्या टोळीत होते, दुसऱ्या दिवशी मामाला टांग्यात घालून हाड बसवायला घेऊन गेले आणि पैसे घेतले नाहीत.

घरात कोणी मामासारखं स्वतःशी बोलायला लागलं, जेवणात काही घातलंय म्हणायला लागलं, तर लग्न लावून देऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि बापूकाकांच्या नातवाला, जो माझी उत्तरं वाचून आजोबांना चुगली करतो: हे सगळं वाचून दाखव, मोठ्याने. उलट बोलायचं असेल तर त्यांनी फोन करावा, दुपारी चारनंतर. मी घरीच असते.